नाव नसलेला ‘पैसा’ : नव्या प्रजातींचे वर्णन आणि विकासाचे नियोजन

चेन्नईच्या नैर्ऋत्येस, कांचीपुरम जिल्ह्यात असलेले ओरगडम हे गाव गेल्या दोन दशकांत देशाच्या वाहन उद्योगाचे एक प्रमुख केंद्र बनले आहे. वंडलूर-वालाजाबाद आणि सिंगपेरुमाळकोविल-श्रीपेरुंबुदूर हे दोन मार्ग येथे एकमेकांना छेदतात. रेनॉ आणि निस्सान या कंपन्यांनी फेब्रुवारी २००८ मध्ये तामिळनाडू शासनाशी सामंजस्य करार केला आणि मार्च २०१० मध्ये त्यांच्या ओरगडम येथील कारखान्याचे उद्घाटन झाले. पाठोपाठ २०१२ मध्ये डेमलरचा मालमोटारींचा व २०१३ मध्ये रॉयल एनफिल्डचा मोटारसायकलींचा कारखाना सुरू झाला. करारापासून उत्पादनापर्यंतचा दोन वर्षांचा हा कालावधी औद्योगिक नियोजनाच्या दृष्टीने निश्चितच प्रशंसनीय आहे.

या आकड्याशेजारी दुसरा एक आकडा ठेवून पाहणे उद्बोधक ठरेल. फ्रान्समधील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासानुसार, एखाद्या नव्या प्रजातीचा नमुना प्रथम गोळा झाल्यापासून तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध होईपर्यंत सरासरी २१ वर्षे जातात. एवढा काळ तो नमुना संग्रहालयाच्या कपाटात, मद्यार्काच्या बाटलीत, नावाविना पडून असतो. जमिनीचा वापर बदलण्यास दोन वर्षे आणि त्या जमिनीवर राहणाऱ्या जिवाला नाव मिळण्यास २१ वर्षे, अशी ही विषम शर्यत आहे. कारखान्यांचा वेग कमी करावा, असा निष्कर्ष यातून निघत नाही. नाव देण्याच्या कामाकडे विकासाची पायाभूत सुविधा म्हणून पाहिले जात नाही आणि म्हणून ते इतके मागे पडते, हा खरा प्रश्न आहे. पालापाचोळ्यात राहणाऱ्या मिलिपीड या सामान्य, दुर्लक्षित प्राण्याच्या आधारे या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गोम नव्हे, वाणी

पावसाळ्याच्या प्रारंभी महाराष्ट्रातील अंगणांत, बांधांवर आणि ओल्या भिंतींवर जो अनेक पायांचा, संथ चालणारा, स्पर्श होताच वेटोळे करून पडणारा प्राणी दिसतो, त्याला कोठे ‘वाणी’ तर कोठे ‘पैसा’ म्हणतात. वेटोळे केल्यावर तो नाण्यासारखा दिसतो, म्हणून हे दुसरे नाव. तमिळमध्ये त्याला ‘मरवट्टै’ म्हणतात. डब्यांना डबे जोडल्यासारख्या देहामुळे ‘रयिल पूच्ची’, म्हणजे आगगाडीचा किडा, हे नावही तेथे प्रचलित आहे.

गोम किंवा घोण आणि वाणी यांची अनेकदा गल्लत होते. गोमेच्या शरीराच्या प्रत्येक खंडाला पायांची एकच जोडी असते. ती चपळ, विषारी आणि शिकारी असते. वाणीच्या बहुतेक खंडांना पायांच्या दोन-दोन जोड्या असतात. ती दंश करीत नाही आणि मुख्यत: सडक्या पानांवर व लाकडावर जगते. संरक्षणासाठी तिच्याजवळ कठीण कवच आणि उग्र वासाचा स्राव एवढीच साधने असतात. जगात मिलिपीडांच्या सुमारे १२ हजार प्रजातींचे वर्णन झाले आहे. प्रत्यक्षातील संख्या याच्या कित्येक पट असावी, याविषयी तज्ज्ञांत एकमत आहे.

या प्राण्याचे अर्थशास्त्रीय महत्त्व त्याच्या आहारात आहे. जंगलात गळणारी पाने थेट खत बनत नाहीत. प्रथम कोणीतरी ती कुरतडून बारीक करावी लागतात. मगच बुरशी व जिवाणू त्यांचे विघटन वेगाने करू शकतात. हे काम गांडुळांबरोबर मिलिपीड करतात. मंगळूर विद्यापीठातील संशोधकांनी दक्षिण भारतातील ‘आर्थ्रोस्फेरा’ या गोळीसारख्या गुंडाळणाऱ्या मिलिपीडावर दीर्घकाळ काम केले आहे. मळ्यांतील पालापाचोळ्याचे या प्राण्याकडून खत कसे होते आणि त्या खताची प्रत कशी असते, याविषयीचे त्यांचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. बाजारात ज्या कामाला मोल द्यावे लागते ते काम हा प्राणी विनामूल्य करतो. राष्ट्रीय उत्पन्नाच्या कोणत्याही कोष्टकात मात्र त्याची नोंद होत नाही.

दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. मराठवाडा व विदर्भात सोयाबीन आणि कपाशीच्या कोवळ्या रोपांचे नुकसान करणारी कीड म्हणूनही वाणीचा उल्लेख कृषी विद्यापीठांच्या सल्ल्यांत येतो. तेथे ‘मिलिपीड, वाणी किंवा पैसा’ असे सर्वसाधारण नाव दिलेले असते. परंतु ‘वाणी’ हे एका प्राण्याचे नाव नाही. ते शेकडो प्रजातींचे सामाईक नाव आहे. त्यांतील मोजक्या काही पिकांवर येतात, उरलेल्या जमिनीचा कस वाढवतात. कोणती कोणती हे ओळखता आले नाही, तर उपायही सरसकट होतो आणि उपकारक जीव अपकारक जिवाबरोबर मारला जातो. प्रजातीचे अचूक नाव ही केवळ विद्वानांची गरज नाही, ती शेतकऱ्याचीही आहे.

मद्रासचे नमुने, मुंबईचे नियतकालिक

भारतातील मिलिपीडांच्या अभ्यासाचा इतिहास मद्रास आणि मुंबई या दोन शहरांना जोडणारा आहे. मुंबईत १८८३ मध्ये आठ निसर्गप्रेमींनी ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ स्थापन केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी डॉक्टर होते. या संस्थेचे नियतकालिक १८८६ पासून निघू लागले. त्याच सुमारास मद्रासच्या शासकीय मध्यवर्ती संग्रहालयाचे प्रमुख एडगर थर्स्टन दक्षिण भारतातून प्राण्यांचे नमुने गोळा करीत होते. त्यांनी पाठविलेल्या गोम-वाणी वर्गातील प्राण्यांचा अभ्यास लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयातील रेजिनल्ड पोकॉक यांनी केला आणि १८९२ मध्ये तो अहवाल मुंबईच्या या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मद्रासकडचा नमुना, लंडनचा तज्ज्ञ आणि मुंबईचे प्रकाशन, अशी ही त्रिस्थळी यात्रा होती. पोकॉक यांनी १८९२ मध्येच वर्णन केलेल्या एका मिलिपीडाच्या ‘स्ट्रेप्टोगोनोपस फिप्सोनाय’ या नावात सोसायटीचे तत्कालीन कार्यवाह फिप्सन यांची स्मृती आजही टिकून आहे.

पुढील काळात जिनिव्हा येथील कार्ल यांनी दक्षिण भारत व श्रीलंकेतील मिलिपीडांवर १९३२ व १९४१ मध्ये दोन भागांत ग्रंथरूप लेखन केले. व्हिएन्नाचे अटेम्स यांचे भारतीय मिलिपीडांवरील विस्तृत काम १९३६ मध्ये कलकत्त्याच्या ‘इंडियन म्युझियम’ने प्रसिद्ध केले. त्यानंतर मात्र या क्षेत्रात दीर्घकाळ मंदी आली. गोलोवॅच आणि वेझेनर या परदेशी संशोधकांनी २०१६ मध्ये भारताची सूची तयार केली तेव्हा तीत २७० प्रजातींची नोंद झाली. हिमालयापासून सह्याद्रीपर्यंतच्या वनांचा विस्तार पाहता हा आकडा देशाच्या जैवसंपत्तीचा नाही. देशात आजवर झालेल्या अभ्यासाचा आहे.

ज्ञात प्रजाती कोणत्या, हेही पाहण्यासारखे आहे. तामिळनाडूत गवताने व झावळ्यांनी शाकारलेल्या घरांच्या छपरांत आढळणाऱ्या ‘झेनोबोलस कार्निफेक्स’ या मिलिपीडाचे वर्णन फाब्रिसियस यांनी १७७५ मध्येच केले होते. माणसाच्या घरात शिरलेल्या प्राण्याला अडीचशे वर्षांपूर्वी नाव मिळाले. वनातल्या पाचोळ्याखाली राहणारे त्याचे कितीतरी भाईबंद अद्याप अनामिक आहेत.

नव्या प्रजातीचे वर्णन कसे होते?

‘नवी प्रजाती सापडली’ अशी बातमी वाचताना ती योगायोगाने हाती लागली असावी, असा समज होतो. वस्तुत: सापडणे हा सर्वांत लहान टप्पा असतो.

पहिला टप्पा संकलनाचा. मिलिपीड पावसाळ्यात वर येतात आणि कोरड्या ऋतूत जमिनीत खोल जातात. त्यामुळे सह्याद्रीत जून ते सप्टेंबर आणि चेन्नई परिसरात ईशान्य मोसमी पावसाचे ऑक्टोबर ते डिसेंबर हे महिने महत्त्वाचे ठरतात. पाचोळा चाळणे, कुजकी लाकडे उलटणे, रात्री विजेरी घेऊन शोधणे अशी ही कष्टाची कामे आहेत. प्रत्येक नमुन्याबरोबर स्थळ, उंची, दिनांक आणि अधिवास यांची चिठ्ठी ठेवावी लागते. चिठ्ठी हरवलेल्या नमुन्याचे शास्त्रीय मोल फारच थोडे उरते.

दुसरा टप्पा ओळखीचा. मिलिपीडांच्या अनेक प्रजाती बाहेरून जवळपास सारख्या दिसतात. बहुतेक गटांत खरा भेद प्रौढ नराच्या सातव्या खंडाजवळील रूपांतरित पायांत असतो. गोनोपॉड नावाच्या या अवयवांची रचना कुलपाच्या किल्लीप्रमाणे प्रत्येक प्रजातीत वेगळी असते. ते सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे करून, रेखाटून, मोजून त्यांची तुलना करावी लागते. केवळ मादी किंवा पिल्लू हाती लागले, तर काम तेथेच थांबते आणि पुढच्या पावसाळ्याची वाट पाहावी लागते. अलीकडे जनुकीय क्रमाची जोड मिळाल्याने ही ओळख अधिक पक्की झाली आहे. जाह्नवी जोशी आणि ग्रेगरी एजकूम्ब यांनी २०१८ मध्ये भारतीय द्वीपकल्पातील ‘एथमोस्टिग्मस’ या घोणींच्या वंशाचा अभ्यास जनुकीय व शारीरिक अशा दोन्ही पुराव्यांवर केला आणि तीन नव्या प्रजातींचे वर्णन केले. त्यांतील एकीचे नाव ‘सह्याद्रेन्सिस’ असे आहे.

तिसरा टप्पा तुलनेचा आणि तोच सर्वांत खर्चिक असतो. हाती असलेला प्राणी खरोखर नवा आहे की १८९२ किंवा १९३६ मध्ये वर्णिलेलाच आहे, हे ठरविण्यासाठी जुन्या वर्णनांबरोबर त्यांचे मूळ नमुनेही पाहावे लागतात. ज्या एका नमुन्यावर प्रजातीचे नाव कायमचे आधारलेले असते, त्याला ‘होलोटाइप’ म्हणतात. वजनमापांच्या जगात प्रमाण किलोग्रॅमच्या ठोकळ्याला जे स्थान दीर्घकाळ होते, ते येथे या नमुन्याला असते. भारतीय मिलिपीडांचे असे अनेक मूळ नमुने युरोपातील संग्रहालयांत आहेत. त्यामुळे महाविद्यालयातील एखाद्या अभ्यासकाला आपल्याच तालुक्यातील प्राणी ओळखण्यासाठी परदेशी पत्रव्यवहार करावा लागतो.

चौथा टप्पा नामकरण व प्रकाशनाचा. नावाचे दोन भाग असतात. पहिला वंशाचा, दुसरा प्रजातीचा. नाव देण्याचे नियम आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेने ठरविले आहेत. तिची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. २०१२ मधील दुरुस्तीने इलेक्ट्रॉनिक प्रकाशनालाही, नोंदणीच्या अटीवर, मान्यता मिळाली. प्रकाशनाबरोबर मूळ नमुना सार्वजनिक संग्रहालयात जमा होणे अपेक्षित असते, कारण उद्या कोणी शंका घेतली तर पुरावा उपलब्ध असला पाहिजे.

या कामाचा आवाका एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. अमेरिकेतील ॲपलेशियन पर्वताच्या वनांत राहणाऱ्या ‘नॅनारिया’ वंशातील १७ नव्या मिलिपीडांचे वर्णन २०२२ मध्ये झाले. त्यांतील एकीला गायिका टेलर स्विफ्ट यांचे नाव दिल्याने तिची जगभर बातमी झाली. त्या बातमीमागे संशोधकांनी १७ राज्यांत केलेला प्रवास आणि १८०० हून अधिक नमुन्यांची तपासणी होती.

सातबाऱ्यावर नाव नसेल तर

ग्रामीण महाराष्ट्रात नाव आणि हक्क यांचा संबंध वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसूनही सातबाऱ्यावर ज्याचे नाव लागले नाही, त्याला भूसंपादनाच्या वेळी कोणी विचारीत नाही. नामविरहित प्रजातीची स्थिती नेमकी अशीच असते. तिचा समावेश संरक्षित प्राण्यांच्या यादीत होऊ शकत नाही, धोक्यातील प्रजातींच्या मूल्यांकनात होऊ शकत नाही आणि प्रकल्पाच्या पर्यावरणीय अहवालातही होऊ शकत नाही. ती नष्ट झाली, तर नष्ट झाल्याची नोंददेखील होत नाही.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत प्रजातीचे वर्णन ही सार्वजनिक वस्तू आहे. एकदा वर्णन प्रसिद्ध झाले की त्याचा उपयोग कोणीही, कितीही वेळा करू शकतो आणि एकाच्या वापराने दुसऱ्याचा वाटा कमी होत नाही. अशा वस्तूंवर खाजगी गुंतवणूक अपुरी राहते, हा सार्वजनिक वित्तव्यवहाराचा जुना सिद्धान्त आहे. दीपस्तंभ, भूमापन, जनगणना ही कामे शासनाने अंगावर घेतली ती याच कारणाने. प्राणिमात्रांची गणनाही त्याच पंक्तीत बसते. वर्गीकरणशास्त्रज्ञाला मात्र या कामाचे वैयक्तिक फळ अल्प मिळते. त्याचे लेखन पन्नास वर्षांनीही संदर्भासाठी उघडले जाते, परंतु पदोन्नतीसाठी मोजल्या जाणाऱ्या पहिल्या दोन-तीन वर्षांतील उद्धरणांत ते मागे पडते. परिणामी तरुण संशोधक अन्य शाखांकडे वळतात.

येथे दुसराही एक मुद्दा आहे. केनेथ ॲरो व अँथनी फिशर यांनी १९७४ मध्ये असे दाखवून दिले की निर्णयाचा परिणाम अनिश्चित आणि अपरिवर्तनीय असेल, तर अधिक माहिती मिळेपर्यंत पर्याय खुला ठेवण्यालाच स्वतंत्र आर्थिक मूल्य असते. मिलिपीडांच्या बाबतीत ही अपरिवर्तनीयता तीव्र आहे. त्यांना पंख नाहीत, त्यांची चाल संथ आहे आणि कोरड्या जमिनीवरून ते फार दूर जाऊ शकत नाहीत. म्हणून वनातील अनेक प्रजातींचा वावर एखाद्या डोंगररांगेपुरता, कधी एखाद्या खोऱ्यापुरता मर्यादित असतो. असे एखादे वन नाहीसे झाले, तर नुकसानभरपाई म्हणून अन्यत्र झाडे लावून ती प्रजाती परत येत नाही.

याउलट काही मिलिपीड जगप्रवासी आहेत. आग्नेय आशियातील मूळचा मानला जाणारा तांबूस ‘ट्रायगोनिय्युलस कोरालिनस’ कुंड्यांतील मातीबरोबर उष्ण कटिबंधातील अनेक देशांत पसरला आहे आणि भारतात तो बागांत व अंगणांत सहज दिसतो. एकाच आवारात कुंडीखाली सापडलेला पैसा आणि कुंपणापलीकडच्या झुडपी वनात सापडलेला पैसा यांचे मोल म्हणूनच एक नसते. पहिला सर्वत्र आहे. दुसरा कदाचित तेवढ्याच जागेत असेल. हा भेद केवळ अचूक ओळखीनेच कळतो. प्रकल्पाच्या दृष्टीनेही ही ओळख लाभदायक आहे. सापडलेली प्रजाती सर्वत्र आढळणारी असल्याचे सिद्ध झाले, तर शंका मिटते आणि काम विनाविलंब पुढे जाते.

कायदा काय सांगतो?

जैविक विविधता अधिनियम, २००२ या कायद्याने या कामाला भक्कम चौकट दिली आहे. त्याच्या अंमलबजावणीसाठी २००३ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे मुख्यालय चेन्नई येथेच आहे. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे १९६१ पासूनचे दक्षिण विभागीय केंद्रही याच शहरात आहे. ओरगडमच्या औद्योगिक पट्ट्यापासून या दोन्ही संस्था फार दूर नाहीत. शिवाय ओरगडमहून जाणाऱ्या रस्त्याच्या पूर्व टोकाला वंडलूरचे राखीव वन असून मद्रासचे प्राणिसंग्रहालय १९८५ मध्ये तेथे हलविण्यात आले. कायदा, तज्ज्ञता, वन आणि उद्योग एवढ्या जवळ असलेली ठिकाणे देशात थोडी आहेत.

अधिनियमाच्या कलम ३९ नुसार कोणालाही नवी प्रजाती आढळल्यास तिची माहिती नियुक्त भांडारसंस्थेला कळविणे व तिचा प्रमाण नमुना तेथे जमा करणे आवश्यक आहे. कलम ३७ राज्य शासनांना जैवविविधता वारसास्थळे घोषित करण्याचा अधिकार देते. कलम ४१ अन्वये स्थानिक स्वराज्य संस्थांनी जैवविविधता व्यवस्थापन समित्या नेमावयाच्या आहेत. देशभर अशा अडीच लाखांहून अधिक समित्या स्थापन झाल्या असून लोकजैवविविधता नोंदवह्या तयार करणे हे त्यांचे काम आहे. अधिनियमात २०२३ मध्ये दुरुस्त्या झाल्या, तरी ही मूलभूत चौकट कायम आहे.

प्राणिसर्वेक्षण संस्था १९१६ पासून कार्यरत आहे. तिने जून २०२४ मध्ये देशातील प्राण्यांची संकलित सूची प्रसिद्ध केली. तीत १,०४,५६१ प्रजातींची नोंद आहे. २०२३ या एका वर्षात भारतीय प्राणिसृष्टीत ६४१ प्रजातींची भर पडली. त्यांपैकी ४४२ विज्ञानाला सर्वस्वी नव्या होत्या. ही प्रगती समाधानकारक आहे. त्याचबरोबर एका वर्षात एवढी भर पडते, याचा अर्थ अज्ञाताचा साठा अजून मोठा आहे, असाही होतो.

आंबोली आणि ऑस्ट्रेलिया : दोन धडे

नाव मिळाल्याने काय घडू शकते, याचे उत्तम उदाहरण सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोली येथे आहे. हिरण्यकेशी नदीच्या उगमाजवळील मंदिराच्या कुंडात आढळलेल्या एका लहान माशाचे वर्णन प्रवीणराज, तेजस ठाकरे व त्यांच्या सहकाऱ्याने २०२० मध्ये केले आणि नदीवरूनच त्याला ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ हे नाव दिले. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये त्या ठिकाणचे २.११ हेक्टर क्षेत्र जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित केले. भाविक त्या कुंडाचे पावित्र्य आधीपासून जपत होतेच. परंतु शास्त्रीय नाव मिळताच श्रद्धेला कायद्याची जोड लाभली. हे क्षेत्र लहान असल्याने त्यासाठी कोणताही मोठा प्रकल्प अडवावा लागला नाही. माशाचा अधिवास नेमका कोठे आहे हे ठाऊक असल्यामुळेच हे शक्य झाले. अज्ञानात संरक्षण करावयाचे तर मोठे क्षेत्र राखावे लागते. ज्ञान असेल तर लहान क्षेत्रही पुरते.

दुसरे उदाहरण पश्चिम ऑस्ट्रेलियाचे आहे. तेथे खाणप्रकल्पांच्या पर्यावरणीय तपासणीत भूगर्भातील प्राण्यांचेही सर्वेक्षण अपेक्षित असते. खनिज शोधासाठी घेतलेल्या एका वेधनछिद्रात, ६० मीटर खोलीवर, ऑगस्ट २०२० मध्ये धाग्यासारखा एक मिलिपीड सापडला. डिसेंबर २०२१ मध्ये त्याचे ‘युमिलिपीस पर्सेफनी’ या नावाने वर्णन प्रसिद्ध झाले. त्याच्या एका मादीला १,३०६ पाय होते. ‘मिलिपीड’ या शब्दाचा अर्थ हजार पायांचा. तो अर्थ सार्थ ठरविणारा हा पहिलाच प्राणी. दोन शतकांहून अधिक काळ चालत आलेल्या नावाची सत्यता खाणीच्या छिद्रातून सिद्ध झाली. तेथे उद्योग थांबला नव्हता. उद्योगाला घालून दिलेल्या एका नियमाने ज्ञान निर्माण केले. शिवाय सरासरी २१ वर्षांचे काम सोळा महिन्यांत पूर्ण झाले, कारण नमुना वेळेवर तज्ज्ञाच्या हाती पोहोचला.

शहराच्या सान्निध्याविषयीही एक गैरसमज दूर झाला पाहिजे. नवी प्रजाती दुर्गम अरण्यातच सापडते असे नाही. अमेरिकेतील लॉस एंजेलिस महानगराच्या परिसरातील एका उद्यानात सापडलेल्या ‘इलॅक्मे सोकॅल’ या मिलिपीडाचे वर्णन २०२३ मध्ये झाले; त्याचा माग प्रथम हौशी निसर्ग अभ्यासकांना लागला होता. महानगराच्या कडेला उरलेले वनाचे तुकडे रिकामी जमीन नसतात, हा त्याचा अर्थ आहे.

पुढील दिशा

या विवेचनावरून काही व्यवहार्य उपाय सुचविता येतात.

पहिला, पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अहवालांत वृक्ष, पक्षी, सस्तन व सरपटणारे प्राणी यांच्या याद्या असतात. त्यांना पाचोळ्यातील व जमिनीतील प्राण्यांच्या नमुना पाहणीची जोड द्यावी. ही पाहणी त्या प्रदेशाच्या पावसाळ्यातच व्हावी. उन्हाळ्यात केलेल्या पाहणीत मिलिपीड आढळले नाहीत, या विधानाला शास्त्रीय अर्थ नाही.

दुसरा, अशा पाहणीत गोळा झालेले नमुने अहवालाबरोबर फेकून न देता नियुक्त भांडारसंस्थेकडे जमा करणे बंधनकारक असावे. नमुना टिकला, तर त्याला नाव देण्यास उशीर झाला तरी माहिती नष्ट होत नाही. मोठ्या प्रकल्पाच्या एकूण खर्चात हा खर्च नगण्य ठरेल.

तिसरा, परदेशी संग्रहालयांतील भारतीय मूळ नमुन्यांची उच्च दर्जाची छायाचित्रे व वर्णने एकत्र करून ती जिल्हा पातळीवरील महाविद्यालयांना विनामूल्य उपलब्ध व्हावीत. जुन्या जर्मन व फ्रेंच वर्णनांच्या अनुवादाचाही त्यात समावेश असावा.

चौथा, वर्गीकरणशास्त्रासाठी विद्यापीठांत स्थायी पदे असावीत आणि पदोन्नतीच्या निकषांत प्रजातीवर्णनाला योग्य गुण मिळावेत. तज्ज्ञ निवृत्त झाल्यावर त्याच्या गटाचे ज्ञानही निवृत्त होते. ते पुन्हा उभे करण्यास एक पिढी लागते.

पाचवा, लोकजैवविविधता नोंदवह्यांत औषधी वनस्पती व पिकांच्या वाणांबरोबर जमिनीतील जिवांच्या स्थानिक नावांनाही जागा मिळावी. वाणी, पैसा, मरवट्टै ही नावे म्हणजे लोकांनी केलेले पहिले वर्गीकरण आहे. शाळेतील विद्यार्थी पावसाळ्यात काढलेल्या छायाचित्रांतून व नोंदींतून या कामाला हातभार लावू शकतात.

समारोप

ओरगडमसारख्या औद्योगिक केंद्रांनी लाखो कुटुंबांना उपजीविका दिली आहे आणि भविष्यातही देशाला अशा केंद्रांची गरज भासणार आहे. नव्या प्रजातींचे वर्णन हा या वाटचालीतील अडथळा नाही. भूमापनावाचून रस्ता आखता येत नाही आणि जनगणनेवाचून शाळांची संख्या ठरविता येत नाही. त्याचप्रमाणे जिवांच्या मोजदादीवाचून जमिनीच्या वापराचा निर्णय पूर्ण माहितीनिशी घेता येत नाही. एखादी प्रजाती वाचवावी की नाही, यावर मतभेद होऊ शकतात. परंतु ती आहे हेच ठाऊक नसेल, तर तो निर्णय कोणी घेतलेलाच नसतो. तो केवळ घडून जातो. मद्रासच्या संग्रहालयातून निघालेल्या नमुन्यांना १८९२ मध्ये मुंबईत प्रसिद्धी मिळाली, तेव्हा तज्ज्ञ लंडनमध्ये शोधावा लागला होता. आज कायदा, संस्था, प्रयोगशाळा आणि अभ्यासक देशातच उपलब्ध आहेत. पुढच्या पावसाळ्यात पाचोळा चाळण्यासाठी त्यांना पदे, निधी आणि वेळ देणे, एवढेच आता नियोजनकर्त्यांच्या हाती उरले आहे.